“मेल्यार हाडां खंयसून येतत?” – मुलांना सांगाडा शिकवायचा आणि हाडांना जेवू घालायचं, ते कसं

चौथीच्या वर्गात सांगाड्याचा तक्ता भिंतीला लावून मी अर्धा तास शिकवलं. कवटी, बरगड्या, कणा, सगळं काठीने दाखवलं, मुलांनी माझ्यामागून म्हटलं. घंटा होता होता मागच्या बाकावरच्या एका मुलाने मालवणीत विचारलं, “बाई, मेल्यार हाडां खंयसून येतत?” म्हणजे मेल्यावर हाडं कुठून येतात?

त्याचं काही चुकलं नव्हतं. सांगाडा त्याने पाहिला होता तो भुताच्या गोष्टीतल्या चित्रात, नाहीतर माझ्या तक्त्यावर. दोन्ही ठिकाणी तो मेलेल्या माणसाचाच होता. आपल्या आत तो आत्ता आहे, वाढतोय, मोडला तर सांधतो, त्याला भूक लागते, हे मी अर्ध्या तासात एकदाही सांगितलं नव्हतं. त्या दिवसापासून मी शिकवण्याचा क्रम उलटा केला. तक्ता शेवटी, आणि “दूध पी, हाडं मजबूत होतात” हे वाक्य तर त्याच्याही नंतर. हाड जिवंत आहे हे मुलाच्या हाताला कळलं की ताटातली नाचणीची भाकरी त्याला वेगळी दिसायला लागते. आधी ताट आणि मग हाड असा क्रम लावला, तर तो नुसता उपदेश होतो.

घरी आई-बाबा, आजी-आजोबा किंवा अंगणवाडीत-शाळेत शिकवणारे, कुणालाही हे करता येईल. लागणाऱ्या वस्तू आपल्या परसात आणि किनाऱ्यावर मिळतात. पाच ते सात वर्षांच्या मुलांना पहिल्या दोन पायऱ्या पुरेत. आठ ते दहा वर्षांची मुलं प्रयोग करतील आणि त्यांच्यापेक्षा मोठ्यांना ताटाचा हिशेब मांडू द्या.

पहिली पायरी: बोटांनी चाचपणं

मुलांना खाली बसवा. प्रत्येकाने स्वतःच्याच अंगाला हात लावायचा, दुसऱ्याच्या नाही, हा नियम आधीच सांगा. सुरुवात नडगीपासून करा. गुडघ्याखाली पुढच्या बाजूने बोट फिरवलं की तिथे मांस नाही, कातडीखाली थेट हाड आहे हे लगेच कळतं. नडगीवर दगड लागला की का इतकं झोंबतं, तेही तिथेच समजतं. मग कपाळ, हनुवटी, हासळीचं म्हणजे गळ्याखालचं आडवं हाड, कोपर, घोटा. मान खाली घालायला सांगा आणि मानेच्या मुळाशी बोट ठेवायला सांगा. एक टेंगूळ लागतं. तो मानेचा सातवा आणि शेवटचा मणका. तिथून खाली पाठीवर जमतील तेवढे मणके चाचपू द्या.

दोन्ही हात छातीच्या बाजूंना ठेवून मोठा श्वास घ्यायला लावा. बरगड्या वर येतात, फाकतात, पुन्हा बसतात. पिंजरा असूनही हलणारा, म्हणजे मेलेला नव्हे. भूत-सांगाड्याची भीती माझ्या वर्गातून गेली ती याच क्षणी.

मग पेरं मोजा. आपल्याकडे आजी बोटाच्या पेरांवर जप मोजते, दिवस मोजते, तेव्हा पेर हा शब्द मुलांना नवा नाही. प्रत्येक बोटाला तीन, अंगठ्याला दोन, म्हणजे एका हाताच्या बोटांत १४ हाडं. त्यांत तळव्याची ५ आणि मनगटाची ८ मिळवली की २७. दोन्ही हात आणि दोन्ही पावलं मिळून १०६ हाडं होतात. मोठ्या माणसाच्या अंगात एकूण २०६, म्हणजे निम्म्याहून जास्त हाडं हाता-पावलांतच आहेत. का, असं विचारा आणि उत्तर देऊ नका. मुलांना जाळं विणायला, सुईत दोरा ओवायला, काजूगर सोलायला लावा. ती स्वतःच सांगतील.

२०६ हा आकडा पाठ करून घेऊ नका. परीक्षेत तो एक गुण मिळवून देतो, बाकी काही नाही. त्याऐवजी दहा-बारा मराठी नावं अंगवळणी पडू द्या: कवटी, जबडा, हासळी, फरा (खांद्यामागचं चपटं हाड), बरगडी, कणा, खुबा, मांडीचं हाड, नडगी, घोटा, टाच. सर्वांत लांब हाड मांडीचं आणि सर्वांत छोटं कानाच्या आत, जेमतेम तीन मिलिमीटरचं. या दोन गोष्टी मुलं न सांगता लक्षात ठेवतात.

दुसरी पायरी: ताटातला काटा

कोकणातल्या घरात सांगाडा आठवड्यातून चार वेळा जेवणाच्या ताटात येतो. बांगडा खाऊन झाला की मधला काटा सबंध उचलून धुवा आणि वर्तमानपत्रावर ठेवा. डोक्यापासून शेपटीपर्यंत एक कणा, त्याला लागून बारीक काटे. मुलाला त्याच्या पाठीवरून हात फिरवायला सांगा आणि मग बांगड्याच्या काट्यावरून. दोघांनाही कणा आहे. तिसऱ्या बाजूला एक कोलंबी ठेवा. तिला कणा नाही, तिचं कवच बाहेरून आहे. अंगाला आधार देण्याच्या या दोन अगदी निराळ्या रीती आहेत.

बाजारात मोरी मिळाली तर एक तुकडा मुद्दाम आणा. मोरी म्हणजे शार्क, आणि शार्कच्या अंगात हाड नसतं. तिचा सारा सांगाडा कूर्चेचा, म्हणजे हाडापेक्षा मऊ आणि वाकणाऱ्या पदार्थाचा असतो. वागळी या चपट्या माशाचंही तसंच. शिजल्यावर मोरीचा मधला भाग दाताखाली कुडकुडतो, बांगड्याच्या काट्यासारखा टोचत नाही. आता मुलांना स्वतःच्या कानाचा वरचा भाग दुमडायला सांगा, नाकाचा शेंडा हलवायला सांगा. तीही कूर्चाच. बाळ पोटात असताना त्याचा बराचसा सांगाडा आधी असाच मऊ घडतो आणि मग हळूहळू त्याची हाडं बनतात. गुडघ्याची वाटी तर जन्माच्या वेळी कूर्चेची असते. तीन ते पाच वर्षांच्या सुमारास ती हाडाची व्हायला लागते.

रत्नागिरीकडे जाणं झालं तर झाडगावच्या सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्राच्या संग्रहालयात देवमाशाचा सांगाडा मुलांना जरूर दाखवा. देवमाशाच्या पराच्या आत हातासारखी बोटांची हाडं असतात आणि मानेत आपल्याइतकेच सात मणके. गाईच्या मानेत सात, जिराफाच्या मानेतही सातच. एवढ्या मोठ्या सांगाड्याखाली उभं राहून मूल स्वतःच्या मानेला हात लावून पाहतं, तेव्हा तक्त्याची गरज उरत नाही.

तिसरी पायरी: हाड कशाचं बनतं

ही पायरी घाईने उरकू नका. तिच्यासाठी एक आठवडा राखून ठेवा.

कोंबडीच्या तंगडीची दोन हाडं घ्या. मांस पूर्ण काढून साबणाने धुवा. एक कोरडं बाजूला ठेवा. दुसरं काचेच्या बरणीत घालून वर पांढरं व्हिनेगर ओता, हाड बुडेल इतकं. झाकण सैल लावा. दोन-दोन दिवसांनी व्हिनेगर बदला. हाड बारीकच निवडा. पहिल्या वर्षी मी बकऱ्याचं जाड हाड घातलं होतं. आठवडाभर काहीच झालं नाही आणि मुलांचा उत्साह मावळला. कोंबडीचं हाड पाच-सात दिवसांत तयार होतं. बाहेर काढून धुवा आणि मुलाच्या हातात द्या. ते रबरासारखं वाकतं. आमच्या वर्गात “बाई, हाड वाकता!” अशी जी ओरड झाली, ती शेजारच्या वर्गापर्यंत गेली.

झालं काय, ते सांगा. हाडात दोन गोष्टी एकमेकींत विणलेल्या असतात. एक म्हणजे कॅल्शियम आणि फॉस्फरस यांचे खनिज कण. ते हाडाला कठीणपणा देतात. दुसरी म्हणजे कोलॅजेन नावाच्या प्रथिनाचे धागे. ते हाडाला लवचिकपणा देतात. व्हिनेगरच्या आंबटाने खनिज विरघळून गेलं, धागे तेवढे राहिले.

आता उलटा प्रयोग करा, हा मोठ्यांनीच करायचा. बाजूला ठेवलेलं कोरडं हाड परसातल्या चुलीच्या निखाऱ्यांत दोन-तीन तास ठेवा. वास येतो म्हणून घराबाहेरची चूल बरी. हाड आधी काळं पडतं, मग पांढरं होतं. पूर्ण थंड झाल्यावर बोटाने दाबा, चुरा होतो. इथे आगीने धागे जाळले आणि नुसतं खनिज उरलं. दोन्ही हाडं शेजारी ठेवा. एक वाकतं पण उभं राहत नाही, दुसरं कठीण आहे पण टिकत नाही. माती आणि काथ्या मिसळून लिंपलेली भिंत ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे एका वाक्यात कळतं: मातीने भिंत होते आणि काथ्याने ती तडकत नाही.

ज्या घरात मांसाहार नाही तिथे किनाऱ्यावरचा शिंपला घ्या. त्यावर लिंबू पिळा, लगेच बुडबुडे फसफसतात. शिंपलाही कॅल्शियमचाच, पण वेगळा. तो कॅल्शियम कार्बोनेट आहे, हाडातलं कॅल्शियम फॉस्फेट. किनाऱ्यावर पांढरा, हलका समुद्रफेस मिळतो, त्याला मुलं माशाचं हाड समजतात. तो माकुळासारख्या प्राण्याच्या अंगातला आधार असतो, आणि लिंबाने तोही फसफसतो.

इथे एक सावधगिरी सांगायलाच हवी. शिंपले भाजून चुना करण्याची रीत कोकणात जुनी आहे, आणि “चुन्यात कॅल्शियम आहे, मुलाला बोटभर दे” असा सल्लाही ऐकू येतो. पानाचा चुना मुलाच्या तोंडात घालू नका. तो तोंड आणि अन्ननलिका भाजतो.

चौथी पायरी: कणा बनवा

पपईच्या पानाचा देठ पोकळ असतो. त्याचे दोन-दोन सेंटिमीटरचे दहा-बारा तुकडे करा आणि काथ्याच्या दोरीत ओवा. दोरी ताणून वाकवली की तुकडे एकमेकांवर घासतात. आता जुन्या रबरी चपलेच्या चकत्या कापून प्रत्येक दोन तुकड्यांच्या मध्ये एक ओवा. कणा वाकतो, वळतो, घासत नाही. दोन मणक्यांमधल्या गादीचं काम हेच. या तुकड्यांच्या मधून गेलेली दोरी म्हणजे मेंदूकडून खाली येणारी मज्जारज्जूची वाट. हाडं फक्त आधार देत नाहीत, राखणही करतात, हे त्यातून समजतं. कवटी मेंदूची राखण करते, बरगड्या हृदयाची आणि फुप्फुसांची.

देठ पोकळ आहे, याकडे मुलांचं लक्ष वेधा. मांडीचं हाडही आतून पोकळ असतं आणि त्यात मज्जा असते. लहान मुलांच्या जवळजवळ सगळ्या हाडांच्या मज्जेत रक्ताच्या पेशी तयार होतात. “हाडात रक्त बनतं” हे ऐकून मुलं थोडा वेळ गप्प बसतात. त्यांना गप्प बसू द्या.

हातापायांसाठी झावळीचे हीर आणि ओली माती पुरे. कोपर-गुडघ्याला बिजागरीसारखा सांधा, खांद्याला-खुब्याला उखळीत मुसळ फिरावं तसा.

पाचवी पायरी: मोडलेलं हाड आणि एक्स-रे

मे महिन्यात कलमावरून नाहीतर काजीवरून कोणीतरी पडतंच. गावात एखाद्याच्या घरी हाताच्या एक्स-रेची जुनी फिल्म असेल, ती मागून आणा आणि खिडकीच्या उजेडावर धरा. १८९५ साली जर्मनीत व्हिल्हेल्म रोंटगेन यांनी हे किरण शोधले आणि त्याच वर्षी आपल्या पत्नीच्या हाताचं चित्र घेतलं. हाडं आणि बोटातली अंगठी, दोन्ही त्यात दिसली. जिवंत माणसाचा सांगाडा तेव्हापासून पाहता येऊ लागला.

लहान मुलाची फिल्म असेल तर हाडाच्या टोकाजवळ एक काळी फट दिसते. बघणाऱ्याला वाटतं हाड तुटलंय. ती वाढीची जागा आहे. तिथे कूर्चा असते, म्हणून ती फिल्मवर उमटत नाही. मूल उंच होतं ते त्या फटीपाशी. वाढ पुरी झाली की ती बुजते. जन्मलेल्या बाळाच्या अंगात सुमारे तीनशे तुकडे असतात. वाढताना त्यांतले काही जुळत जाऊन २०६ होतात. मुलांचं हाड कधीकधी पुरतं न तुटता एका बाजूने चिरफाळतं, ओली फांदी मोडल्यासारखं. वाळकी काटकी आणि हिरवी फांदी शेजारी शेजारी मोडून दाखवा.

आणि पडल्यावर काय करायचं तेही याच वेळी शिकवा. हात आहे त्या स्थितीत एखाद्या लाकडी पट्टीला ओढणीने बांधायचा, ओढायचा नाही, चोळायचा नाही, आणि एक्स-रे काढता येईल अशा दवाखान्यात जायचं. मालिश आणि बांधणी ज्यांच्याकडून करवून घ्यायची त्यांच्याकडे एक्स-रेच्या आधी जाऊ नये. वाढीच्या फटीला दुखापत असेल तर ती बाहेरून हाताला कळत नाही आणि हात आखूड-वाकडा वाढू शकतो.

प्लास्टरच्या आत हाड स्वतःच सांधतं. आधी रक्ताची गाठ, मग कूर्चेचं जोडकाम, मग नवं हाड. न मोडलेल्या हाडातही जुनं काढून नवं बसवण्याचं काम आयुष्यभर चालू असतं. मोठ्या माणसाच्या सांगाड्याचा सुमारे दहावा भाग दरवर्षी नवा होतो. मागच्या बाकावरच्या त्या मुलाला मी हे सांगितलं तेव्हा त्याने पुढचा प्रश्न आपणहून विचारला: “मगे नवीन हाड कशाचा बनता?” तिथून ताटाकडे जायचं.

सहावी पायरी: ताटाचा हिशेब

अंगातलं सुमारे ९९ टक्के कॅल्शियम हाडांत आणि दातांत असतं. रक्तात कॅल्शियम कमी पडलं की शरीर हाडांतून उचल घेतं. हाडांची ही शिल्लक भरण्याचं वय मुख्यतः विसाव्या वर्षापर्यंतचं. तोवर बहुतेक भरणा झालेला असतो. आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या) २०२० च्या शिफारशीप्रमाणे दिवसाला ४ ते ६ वर्षांच्या मुलाला ५५० मिलिग्रॅम, ७ ते ९ ला ६५०, १० ते १२ ला ८५०, १३ ते १५ ला १०००, आणि १६ ते १८ ला १०५० मिलिग्रॅम कॅल्शियम हवं.

आता आपलं रोजचं ताट बघा. सकाळी पेज, दुपारी भात आणि माशाचं सार, रात्री पुन्हा भात. शंभर ग्रॅम तांदळात कॅल्शियम जेमतेम दहा मिलिग्रॅमच्या आसपास. “पण आम्ही मासे खातो ना” असं पालक म्हणतात. सुरमईच्या तुकडीत उत्तम प्रथिनं आहेत, हाडातल्या धाग्यांना ती हवीतच, पण कॅल्शियम तिच्या काट्यात आहे आणि तो आपण टाकतो. कॅल्शियम मिळतं ते काट्यासकट खाल्ल्या जाणाऱ्या माशांतून: कुरकुरीत तळलेली मांदेली, कवचासकट खाल्ला जाणारा सुका जवळा. पेडव्यांसारखे छोटे मासे कोकम घालून मंद आचेवर शिजले की त्यांचे बारीक काटे मऊ पडतात. व्हिनेगरच्या बरणीत जे पाहिलं तेच इथे मडक्यात थोडंसं होतं. मुलांना हे लक्षात आणून दिलं की त्यांना फार आवडतं. पाच वर्षांखालच्या मुलांना मात्र काट्याचा मासा देऊ नका, आणि मोठ्यांनाही बसून, चावून खायची सवय लावा.

सोलकढीबद्दलही सांगावं लागतं. नारळाचं दूध पांढरं आहे म्हणून ते दुधासारखं कॅल्शियम देत नाही. त्यात कॅल्शियम अगदी थोडं. सोलकढी जेवणात जरूर असू दे, पण तिच्यावर हाडांचा भार टाकू नका. काळ्या-कोऱ्या चहात बिस्किट बुडवून मूल शाळेत येतं, तेही तसंच. चहाने हाडं झिजत नाहीत, पण त्याने दुधाची जागा घेतलेली असते.

नाचणी. आमच्या डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीत पिकणारं हे धान्य एका पिढीने गरिबीचं म्हणून ताटातून काढलं आणि आता शहरातून डबाबंद होऊन परत येतंय. शंभर ग्रॅम नाचणीत साधारण साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. तांदूळ, गहू, ज्वारी, कोणीच तिच्या जवळ येत नाही. पन्नास ग्रॅम पिठाची एक भाकरी म्हणजे १७५. तिच्यातलं सगळं कॅल्शियम अंगी लागत नाही, कारण धान्यातलं फायटेट त्याला धरून ठेवतं. म्हणून नाचणी भिजवून मोड काढणं किंवा आंबील करणं ही जुनी रीत शहाणपणाची आहे. त्याने फायटेट कमी होतं. सत्त्व काढताना फडक्यात राहिलेला चोथा आपण टाकतो, त्याबरोबर बरंच काही जातं. दात आलेल्या मुलाला सत्त्वापेक्षा सबंध पिठाची भाकरी किंवा घावणे द्या.

आठ वर्षांच्या मुलाचा एक दिवस मांडून पाहू. नाचणीची एक भाकरी १७५. एक पेला दूध, दोनशे मिली, २४०. कुळथाच्या पिठीत पंचवीस ग्रॅम पीठ गेलं तर ७० च्या आसपास. शेवग्याच्या पाल्याची भाजी, चाळीस ग्रॅम पाला, १२०. झाले ६०५. वर एक मोठा चमचा तिळाचा लाडू किंवा चटणी, सुमारे शंभर. ६५० च्या पुढे गेलो. यात महाग असं दुधाखेरीज काही नाही. दूध पचत नसेल तर दही-ताक बहुतेकांना चालतं. पिशवीचं दूध घेत असाल तर त्यावर निळं ‘+एफ’ चिन्ह आहे का पाहा. त्या दुधात ड जीवनसत्त्व घातलेलं असतं.

मुलांना हा हिशेब स्वतः मांडू द्या, चुकू द्या. माझ्याकडे पाचवीतल्या एका मुलीने आठवड्याचा हिशेब मांडून घरी सांगितलं की गुरुवारचा आकडा सर्वांत कमी येतो, कारण त्या दिवशी मासे नसतात आणि त्यांच्या जागी काहीच येत नाही. तिच्या आईने गुरुवारी कुळथाची पिठी आणि ताक ठेवायला सुरुवात केली.

ऋतूही सांभाळून घ्या. जून-जुलैत यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद, म्हणजे सुकी मासळी. ती खारट असते आणि जास्त मिठाबरोबर कॅल्शियम लघवीतून जातं, तेव्हा जवळा नीट धुऊन आणि इतर मीठ कमी करून करा. पावसातच शेवगा पालवतो. सिंधुदुर्गात गोकुळाष्टमीला शेगलाची म्हणजे शेवग्याच्या पाल्याची भाजी, आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्यांची उसळ होते. तो पाला एका दिवसापुरता ठेवू नका. माठ आणि पालक यांत ऑक्झलेट असल्याने त्यांतलं कॅल्शियम कमी लागू पडतं, म्हणून भाज्या त्याही खाव्यात पण कॅल्शियमसाठी शेवगा बरा. मार्च-एप्रिलात काजूची बोंडं बागेत कुजतात. संत्र्याच्या कितीतरी पट क जीवनसत्त्व त्यांत असतं, आणि कोलॅजेनचे धागे विणायला ते लागतंच. घसा खवखवतो म्हणून मुलं टाळतात. चकत्या करून मीठ लावून थोडा वेळ ठेवल्या की खवखव कमी होते.

सातवी पायरी: ऊन आणि उड्या

खाल्लेलं कॅल्शियम आतड्यातून रक्तात यायला ड जीवनसत्त्व लागतं आणि ते मुख्यतः उन्हाने कातडीत बनतं. ते फार कमी पडलं की मुलांना मुडदूस, म्हणजे हाडं मऊ पडून वाकण्याचा आजार होतो. बांगडा, तारली, अंड्याचा पिवळा बलक यांतून थोडं मिळतं.

पहाटेचं कोवळं ऊन अंगाला बरं वाटतं, पण ड जीवनसत्त्वासाठी ते पुरत नाही. त्या वेळी लागणारे किरण फार क्षीण असतात. मुलांना यासाठी सावलीची काठी शिकवा. अंगणात उभं राहून सावली मोजायची. सावली आपल्यापेक्षा लांब असेल तर काम फारसं होत नाही, आखूड असेल तर होतं. हातपाय उघडे ठेवून आठवड्यातून काही दिवस पंधरा ते तीस मिनिटं. काचेच्या खिडकीआडचं ऊन चालत नाही. एप्रिल-मेच्या भर दुपारी मुलाला भाजत ठेवू नका. दहा-अकराच्या सुमाराला खेळायला सोडा. पावसाळ्यात ढग फुटून ऊन पडलं की वही मिटा आणि अंगणात जा, मी वर्ग नेते.

आणि उड्या. ज्या हाडावर भार पडतो ते जाड होतं. टेनिस खेळणाऱ्याच्या खेळणाऱ्या हाताचं हाड दुसऱ्या हातापेक्षा जाड असतं, आणि अंतराळात वजनच न उरल्यामुळे अंतराळवीरांच्या पाठी-खुब्याची हाडं महिन्याला एक ते दीड टक्का झिजतात. आपली लंगडी हा हाडांसाठी फार चांगला खेळ आहे: एका पायावर सगळा भार आणि पुन्हा पुन्हा आपटणं. लगोरी, आट्यापाट्या, दोरीच्या उड्या. पोहणं सर्वांगाला उत्तम, पण पाण्यात वजन हलकं होतं, म्हणून किनाऱ्यावरची मुलं पोहतात तेवढ्यावर भागवू नका, वाळूत धावूही द्या.

डॉक्टरांकडे कधी

दोन वर्षांनंतरही वाढत जाणारे किंवा एकाच बाजूने वाकलेले पाय, मनगटाशी जाडी, चालायला फार उशीर, थोड्याशा पडण्याने वारंवार हाड मोडणं, रात्री झोपेतून उठवणारं हाडांचं दुखणं, यांतलं काही असेल तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. कॅल्शियमच्या गोळ्या आणि ड जीवनसत्त्वाच्या पुड्या शेजाऱ्याच्या मुलाला दिल्या म्हणून आपल्याला देऊ नका. ड जीवनसत्त्व अंगात साठतं आणि जास्त झालं तर अपाय करतं.

शेवटचा एक प्रयोग घरी करायचा आहे, शनिवारी रात्री आणि रविवारी सकाळी. दरवाजाच्या चौकटीला मुलाला अनवाणी, टाचा टेकवून उभं करा, डोक्यावर आडवी पट्टी धरा आणि पेन्सिलने खूण करा. रात्री झोपण्याआधी एक, सकाळी अंथरुणातून उठल्या उठल्या दुसरी. सकाळची खूण थोडी वर येते, कधी जवळजवळ एक सेंटिमीटर. फरक कुठून आला ते लगेच सांगू नका. पपईच्या देठांचा कणा त्याच्या हातात द्या आणि चपलेच्या चकत्या बोटाने दाबून सोडायला सांगा.